‘नो हायवे’ : भेग, तपासणी आणि साक्षीदार

नेव्हिल शूट हे व्यवसायाने विमान-अभियंता होते. त्यांची ‘नो हायवे’ ही इंग्रजी कादंबरी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. वारंवार पडणाऱ्या ताणामुळे धातूत सूक्ष्म भेग पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस तो भाग अचानक तुटतो. या ‘धातूच्या थकव्या’वर तिचे कथानक उभे आहे. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने एल्बा व नेपल्सजवळ समुद्रात कोसळली आणि चौकशीत हेच कारण पुढे आले. त्यामुळे या कादंबरीचा ‘भविष्यवेधी’ म्हणून गौरव होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा गौरव वरवरचा आहे. कादंबरीतील दोष शेपटीच्या आडव्या पंखात आहे, तर कॉमेटचा दोष प्रवासी कक्षाच्या पत्र्यात होता. कादंबरीचे खरे मोल तिने विचारलेल्या प्रश्नात आहे : पुरावा हाती नसताना विमान थांबवायचे ते कोणाच्या शब्दावर?

शूट यांनी हा प्रश्न मुद्दाम अवघड केला आहे. नायक थिओडोर हनी हा फार्नबरो येथील संशोधक विधुर, गबाळा आणि पिरॅमिडच्या गूढात रमणारा आहे. ‘रेनडिअर’ विमानाची शेपटी १४४० तासांच्या उड्डाणानंतर तुटेल, असे त्याचे गणित सांगते. परंतु त्याचा अवतार पाहून त्यावर विश्वास ठेवणे जड जाते. अखेर गँडर विमानतळावर तो उभ्या विमानाची चाके आत ओढून ते निकामी करतो. येथे कादंबरी उंची गाठते. पुढे मात्र लॅब्राडॉरमध्ये कोसळलेल्या विमानाची शेपटी प्लँचेटच्या आधारे सापडते आणि हनी खरा ठरतो. आपणच उभा केलेला प्रश्न लेखकाने येथे सोडून दिला आहे. अपघाताचे अवशेष हाच पुरावा ठरत असेल, तर इशाऱ्याला अर्थ उरत नाही.

सक्तीच्या तपासणीचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. भेगेचा शोध अपघातापूर्वी, ठरावीक मुदतीने घ्यायचा. कोणा हनीची वाट पाहायची नाही. परंतु नियमही माणसेच करतात. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उडून गेला आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. या विमानाची ८९ हजारांहून अधिक उड्डाणे झाली होती. उत्पादकाने पत्र्यांच्या अधिक सांध्यांची तपासणी सुचवली होती; १९८७ च्या सरकारी आदेशाने ती मोजक्याच सांध्यांपुरती सक्तीची केली. कंपनीच्या देखभालीतही ही हानी लक्षात आली नाही. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला भेग दिसली होती; पण ती कोणाशी बोलली नाही.

सारांश, तपासणीचा नियम साक्षीदाराची जागा घेऊ शकत नाही आणि एकटा साक्षीदार नियमाची उणीव भरून काढू शकत नाही. शूट यांनी यांतील अर्धेच सत्य सांगितले. तरीही ज्याचे ऐकावेसे वाटत नाही त्याचेच ऐकण्याची वेळ येऊ शकते, हे त्या अर्ध्या सत्याचे बळ आजही ओसरलेले नाही.