सहा की चार? : ‘न्यूज’ गुणांकन पद्धतीची चिकित्सा

आज आपण रुग्णाच्या खाटेशी असणाऱ्या एका तक्त्याबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, थोडक्यात ‘न्यूज’. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारून ‘न्यूज-२’ केला. आपल्याकडच्या वॉर्डात टीपीआर चार्ट असतो ना, ताप, नाडी आणि श्वास नोंदवायचा? त्याच नोंदींना इथे गुण दिले जातात.

यामागचा विचार पटण्यासारखा आहे. ‘काल तर बरे होते, अचानक तब्येत बिघडली’ असं आपण नेहमी ऐकतो. पण वॉर्डातला रुग्ण बऱ्याचदा अचानक कोसळत नाही. त्याआधी कित्येक तास श्वास, नाडी, रक्तदाब हळूहळू बदलत असतात. प्रत्येक बदल एकेकटा किरकोळ वाटतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ‘न्यूज’ हे किरकोळ बदल एकत्र करतं. श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान अशा सहा गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचं आणि दर तासाला नोंद घ्यायची. सात किंवा अधिक झाली की अतिदक्षतेचं ज्ञान असलेल्या पथकाला बोलवायचं. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा तक्ता नाही, हेही लक्षात ठेवू.

आता एक उदाहरण करून बघू. पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. श्वास मिनिटाला २२, म्हणजे दोन गुण. ऑक्सिजन ९५, एक गुण. नाडी १०४, एक. वरचा रक्तदाब १०८, एक. ताप १००.८, एक. रुग्ण शुद्धीवर, नीट बोलतोय, शून्य. बेरीज सहा. यातला एकही आकडा एकटा पाहिला तर आपण घाबरलो नसतो. पण बेरीज सांगते, डॉक्टरांना आत्ता बोलवा. ही या पद्धतीची खरी कमाई आहे, आणि तिचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

आमचा आक्षेप इथून पुढे सुरू होतो. समजा त्या रात्री वॉर्डात गर्दी आहे आणि श्वास मोजलाच नाही. अंदाजाने ‘१८’ लिहिलं. १२ ते २० ला शून्य गुण. बेरीज झाली चार. चारला डॉक्टरांनी तातडीने येण्याची गरज नाही, पुढची नोंद चार ते सहा तासांनी घेतली तरी चालते. रुग्ण तोच, दुखणं तेच. एका न मोजलेल्या आकड्याने त्याला ‘तातडीच्या’ यादीतून बाहेर काढलं. आणि तक्ता मात्र नीटनेटका, सगळे रकाने भरलेले!

ही आमची कल्पना नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखाने श्वासगतीला ‘दुर्लक्षित’ लक्षण म्हटलं होतं. कारण साधं आहे. बाकीचे आकडे यंत्र दाखवतं, श्वास मात्र माणसाने घड्याळ हातात धरून मोजावा लागतो. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आपल्या दारापर्यंत आला आणि त्याच्या आकड्यावर आपला विश्वास बसला. पण तोही निर्दोष नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातली खरी पातळी ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट होतं. म्हणजे यंत्रावर विसंबून श्वास न मोजणं दुप्पट धोक्याचं.

दुसरा आक्षेप बेरजेनंतरचा. घंटा वाजली, पुढे कोण येणार? ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांत ठरावीक निकषांवर बोलवायचं तातडीचं पथक नेमलं, बाकीच्यांत नाही. बोलावणी वाढली, पण हृदय बंद पडणं, अनपेक्षित मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. निकष पूर्ण होऊनही अनेकदा पथकाला बोलावलंच गेलं नव्हतं. रात्री वरिष्ठांना उठवायला कनिष्ठ डॉक्टर कचरतो, नर्सचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. हे दुखणं तक्त्याने बरं होत नाही.

तिसरी गोष्ट, तक्त्यात लघवीचं प्रमाण नाही, त्वचेचा रंग नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या आजोबांची नाडी गरज असूनही वाढत नाही, मग गुण कमी पडतात. आणि ‘हे नेहमीसारखे नाहीत’ हे घरच्यांचं वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी जंतुसंसर्गाने गेली. तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत म्हटलं गेलं. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. पुढे २०२४ पासून तिथे ‘मार्थाचा नियम’ सुरू झाला, ज्यात घरचे लोक थेट दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात. याचा अर्थ आम्ही असा घेतो की गुणांच्या बेरजेला माणसाच्या शब्दाची जोड लागते, हे त्या व्यवस्थेनेच मान्य केलं.

मग तक्ता टाकून द्यायचा का? अजिबात नाही. पाच-सहा किरकोळ बदल एकत्र जोडून दाखवणारं दुसरं इतकं सोपं साधन हाताशी नाही. आमचं म्हणणं एवढंच की बेरीज कमी आली म्हणून निश्चिंत होऊ नये. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, आणि मोजला नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना निदान खरं सांगतो. कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा, ते नाव तक्त्यावरच लिहिलेलं असावं. आणि आपण नातेवाईक म्हणून खाटेजवळ बसलेलो असू तर छातीची हालचाल बघून श्वास मोजायला आपल्यालाही येतं. पंचवीस झाले तर सिस्टरना जाऊन आकडा सांगा. ‘जरा बघा ना’ म्हणण्यापेक्षा ‘मिनिटाला पंचवीस श्वास आहेत’ हे लवकर ऐकलं जातं.