शिकारकथेतील बंदुकीची लाथ

दिवाळी अंक हाती आला, की आधी शिकारकथा शोधायची, ही माझी लहानपणापासूनची खोड. वार्षिक भविष्य, व्यंगचित्रे, कविता हे सारे नंतर. इतकी वर्षे या कथा भक्तिभावाने वाचल्यावर एक तक्रार मात्र मनात घर करून बसली आहे. या कथांत वाघ असतो, मचाण असते, पिठासारखे चांदणे असते, खाली बांधलेल्या बोकडाचे ओरडणे असते. मग चाप ओढला जातो, बार होतो आणि वाघ कोसळतो. पण तो बार ज्याच्या खांद्यावर झाला, त्या खांद्याचे काय झाले, हे लेखक सांगत नाहीत. गोळी ज्या जोराने पुढे जाते, त्या जोराचा हिशेब बंदूक मागे चुकता करते. न्यूटनचा नियम मचाणावर बसल्याने रद्द होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९६८ साली मी सोळा वर्षांचा होतो. मामांच्या गावी रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता आणि मामांपाशी परवान्याची बारा बोरची दुनळी होती. मामा म्हणाले, "कुंदा खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धर रे, सैल धरलास तर बंदूक तुलाच मारील." भीतीने मी तो नेमका सैल धरला. गाल असा सुजला, की मामींना हळदीचा लेप घालावा लागला. घरात हसाहस झाली, तिथवर सगळे ठीक. दुसऱ्या रात्री डुक्कर समोर आले, तेव्हा चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले आणि खांदा आपोआप पुढे झाला. गोळी पोटात लागली. मामा आणि गडी दोन दिवस ओढ्याकाठी रक्ताचे थेंब शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी गिधाडांनी जागा दाखवली. मामा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते, तर बरे झाले असते.

तेव्हापासून शिकारीचे पुस्तक उघडले, की मी आधी लेखकाचा खांदा पाहतो. या परीक्षेत थोर थोर नावे उतरतात, हे सांगायला मला आनंद वाटतो. फ्रेडरिक सेलूसचे आफ्रिकेतील भ्रमंतीचे पुस्तक १८८१ चे. तरुणपणी त्याच्याजवळ चार बोरच्या ठासणीच्या बंदुका होत्या. चार बोर म्हणजे शेरभर नव्हे, पण एका पौंड शिशाच्या चारच गोळ्या होतील, एवढी जाड नळी! एकदा बार झाला नाही, म्हणून त्याने बंदूक नोकराकडे दिली आणि त्या भल्या माणसाने आतल्या दारूवरच पुन्हा दारू आणि गोळी ठासली. पुढचा बार झाला, तेव्हा सेलूस उडून पडला. ही गंमत कोणीही लिहील. सेलूसचे मोठेपण पुढच्या कबुलीत आहे. या बंदुकांच्या माराने आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, आपला नेम त्यानंतर कधीच पूर्वीसारखा राहिला नाही, असे तो सरळ लिहितो. ज्या हत्यारांनी त्याला कीर्ती दिली, त्यांच्याशी संबंधच आला नसता तर बरे, असे म्हणायला छाती लागते. त्याआधीच्या सॅम्युअल बेकरजवळ अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी वीस पौंडी रायफल होती. तिला तो लाडाने 'बाळ' म्हणे आणि आपण तिला भ्यायचो, हेही लपवत नसे.

याच्या अगदी उलट टोकाला डब्ल्यू. डी. एम. बेल. त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो, हे त्याने कवटी करवतून पाहिले होते. रायफल हलक्या धक्क्याची असल्याने त्याचा हात स्थिर राहिला. संख्येचे कौतुक मला आज करवत नाही. शिवाय त्याचे पुस्तक वाचून लहान रायफल घेऊन हत्तीसमोर उभे राहणे म्हणजे गवयाचा तंबोरा विकत घेऊन मैफल ठरवण्यासारखे आहे.

खरी अडचण अशी, की धक्का कमी करायचा तर रायफल जड हवी. तेच काडतूस दुप्पट वजनाच्या रायफलीतून उडवले, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. पण ती जड रायफल दिवसभर डोंगर चढून वाहायची कोणी? कॉर्बेटने ही अडचण सिद्धांत न सांगता दाखवली आहे. १९३० सालच्या एप्रिलात चौगडची नरभक्षक वाघीण अगदी जवळ बसलेली त्याला दिसली, तेव्हा डाव्या हातात रातव्याची अंडी होती आणि उजव्या हातात रायफल. ती हलकी होती, म्हणूनच एका हाताने हळूहळू वळवून त्याला बार टाकता आला. वाघीण मेल्यावर आपले श्रेय वाटून देताना तो अंडी आणि हलकी रायफल यांची नावे घेतो, स्वतःच्या शौर्याचे घेत नाही. मला हे सबंध 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'मधले सर्वांत प्रामाणिक पान वाटते.

कोणी म्हणेल, जनावर समोर असताना धक्का जाणवतच नाही, मग लेखकाने तो लिहावा कसा? जॉर्ज ऑर्वेलनेही ब्रह्मदेशातल्या हत्तीवरच्या निबंधात असेच म्हटले आहे. हे खरे आहे. माझ्याही खांद्याला त्या दुसऱ्या रात्री काहीच जाणवले नाही. पण धक्का जाणवण्याआधीच डोळे मिटतात ना! शरीर कालचा मार आज आठवते, आणि कथेत यायला हवे ते हेच. ऑर्वेल निदान पुढचे टाळत नाही. त्याचा हत्ती अर्धा तास मरत राहतो. आमच्या कथांतली जनावरे मात्र लेखकाच्या सोयीने तत्काळ प्राण सोडतात.

१९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे रायफल निवडण्याचा प्रश्न बहुतेकांपुरता मिटला, आणि ते चांगलेच झाले. आता आपली शिकार कागदावर उरली आहे. तेथे खोटा बार काढायला तर परवानाही लागत नाही.

पुढच्या सुटीत मामांनी माझी खोड मोडली. अंगणापलीकडे मडके ठेवून ते स्वतः बंदूक भरून माझ्या हाती देत. कधी भरलेले काडतूस, कधी उडवलेले रिकामे, आणि कोणते ते सांगत नसत. रिकामे असले, की नुसता 'खट' आवाज होई आणि नळी कशी खाली झुकते, हे ओट्यावर बसलेल्या साऱ्या घराला दिसे. मामी मोठ्याने हसत. आठवड्याभराने नळी झुकायची थांबली. तसा एखादा रिकामा 'खट' यंदाच्या शिकारकथेत तरी ऐकू येतो का, हे पाहायला मी अंकाची पाने चाळतो आहे.