मृगसाल आणि रबीउल अव्वल

भाषा हा समाजाचा आरसा असतो, हे वाक्य आपल्या संमेलनांच्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता ते कोणी लक्ष देऊन ऐकतही नाही. मला स्वतःला आरशाची उपमा फारशी पटत नाही. आरशासमोरून माणूस हलला की तो दिसेनासा होतो. भाषेत मात्र निघून गेलेले, दूर सारलेले, नाव पुसून टाकलेलेही दिसत राहतात. म्हणून मराठीत मुसलमान कुठे आहे हा प्रश्न विचारताना आधी कथा-कादंबऱ्यांकडे न जाता शेताकडे जावे असे वाटते.

महाराष्ट्रातला शेतकरी, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, आपल्या जमिनीची ओळख चार शब्दांत करून देतो. जिरायत, बागायत, खरीप, रब्बी. चारही शब्द अरबी-फार्सीतून आलेले आहेत. मुळात 'जिराअत' म्हणजे कोणतीही शेती. आपल्याकडे तिचा अर्थ आकसला आणि पावसाच्या भरवशावरची तेवढी जिरायत उरली. 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते त्याचे नाव हंगामाला मिळाले. (हा 'हंगाम' फार्सी आणि 'मोसम' अरबी, हेही जाता जाता.) ही सरकारी वसुलीची नजर होती, कारण सरकारला पेरणीशी कर्तव्य नसते, कापणीशी असते. मराठी शेतकऱ्याने तोच शब्द उचलला आणि पेरणीला नेऊन जोडला. आज खरीप म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे शरद ऋतू येत नाही. जून महिना येतो, तिफण येते, उसनवारीने आणलेले बियाणे येते. शब्द दरबाराने आणला, पण त्याचा अर्थ इथल्या पावसाने घडवला.

आता याच शब्दाचे दुसरे टोक पाहू. आपल्या घरात 'रबीउल अव्वल' हा महिना मोठ्या आदराने पाळला जातो. त्यातला 'रबी' आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीचा 'रब्बी' हा एकच शब्द आहे. फरक असा की हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. वसंताचे नाव असलेला तो महिना कधी भर पावसात येतो तर कधी कडाक्याच्या थंडीत. महिन्याजवळ ऋतूचे नाव राहिले, ऋतू राहिला नाही. रानातल्या रब्बीने मात्र आपला काळ सोडलेला नाही. आपल्या किती लेखकांनी हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले आहेत?

पेशवे दफ्तरातली जुनी पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना आणखी एक गंमत ठाऊक असेल. त्या मराठी पत्रांवर वर्षाचा आकडा अरबी शब्दांत घातलेला असतो : अर्बा, खमस, सीत, सबा. हा शुहूर सन. चौदाव्या शतकात तो दख्खनेत रूढ झाला आणि मराठी राज्याने तो तसाच चालवला. त्याचे अंक अरबी, पण वर्ष सुरू होते सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी. म्हणून त्याचे दुसरे नाव मृगसाल. अरबी अंकांनी मोजलेले वर्ष कुणब्याच्या मृगापासून सुरू करावे, ही कल्पना कोणत्या कारकुनाच्या डोक्यात आली कोण जाणे! संस्कृतिसंगमावर व्याख्याने देणाऱ्यांनी हा एक शब्द नीट समजावून सांगितला तरी पुष्कळ काम होईल.

किनाऱ्यावर तर हे नाते अधिकच उघडे आहे. दर्या, बंदर, खलाशी, तुफान हे शब्द कोकणात कोणाला परके वाटत नाहीत. आंग्य्रांच्या आरमारातली 'गुराब' ही अरबीत डोमकावळा. कोळीगीतांतला नाखवा हा मूळचा 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. तो कोळीवाड्यात आहे आणि कोकणी मुसलमानांच्या आडनावांतही आहे. सारंग हे आडनाव हिंदूंतही आढळते, आपल्यातही. समुद्राने एकाच कामाला एकच नाव दिले, धर्म विचारला नाही.

एवढे सगळे असूनही मराठी साहित्यात मुसलमान पात्राने तोंड उघडले की काय होते? तो 'अरे क्या रे' असे काहीतरी बोलू लागतो. जो माणूस तीन पिढ्या त्याच शिवारात नांगर धरतो, ज्याच्या घरची बाई जात्यावर मराठी ओवी गाते, तो कथेत आला की त्याची मराठी पळून जाते आणि हशा पिकवणारी मोडकी हिंदी त्याच्या तोंडी येते. लोकनाट्यात हे झाले, चित्रपटात झाले, ग्रामीण कथेतही झाले.

या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट संत एकनाथांपर्यंत पोहोचतो. 'हिंदू-तुर्क संवाद' या त्यांच्या रचनेत हिंदू मराठीत बोलतो आणि तुर्क दख्खनी वळणाच्या हिंदुस्थानीत. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते, त्यामुळे ही बोली नाथांच्या कानावर रोजची असणार. पण नाथांनी तुर्काला नुसती वेगळी भाषा दिली नाही, त्याला त्याची बाजूही दिली. दोघे एकमेकांच्या श्रद्धेवर तितक्याच कडकपणे तुटून पडतात, दोघांनाही पूर्ण बोलू दिले जाते आणि शेवटी समेट होतो. पुढच्या लेखकांनी नाथांकडून बोली तेवढी घेतली, बाजू सोडून दिली. माझ्या मते मराठी साहित्यातील मुसलमान चित्रणाची सारी घसरण या एका वाक्यात सांगता येते.

आणि ही तथाकथित मोडकी हिंदी खरोखर मोडकी आहे काय? 'नक्को' हा दख्खनीतला शब्द मराठी 'नको'वरून आला. 'मैंच', 'तूच', 'वैसाच' यातला जोर देणारा 'च' सरळ आपल्या मराठीचा. म्हणजे ज्या बोलीला मराठी प्रेक्षक हसतो तिच्यात मराठीच बसलेली असते. ही बोली गोवळकोंडा-विजापूरच्या दरबारात काव्याची भाषा होती. इब्राहिम आदिलशाहाचे 'किताब-ए-नौरस' तिच्यात आहे. गोवळकोंड्याच्या मुहंमद कुली कुतुबशाहाने (राज्यकाल १५८० ते १६१२) तिच्यात वसंतावर, पावसावर आणि मृगावरही कविता केल्या. सुलतान असूनही त्याला मृगाचे पहिले थेंब कवितेचा विषय वाटले!

इथे आपल्या सुशिक्षितांचा दोषही सांगितला पाहिजे. दख्खनीला हसण्यात मराठी मध्यमवर्ग एकटा नाही. उर्दूचा अभिमान बाळगणारे आपले लोकही तिला 'बिघडलेली उर्दू' म्हणतात आणि मुलांच्या तोंडून 'नक्को' ऐकू आले की त्यांना लाज वाटते. कोकणात प्रश्न वेगळा आहे. तिथे घरात बाणकोटी किंवा संगमेश्वरी वळणाची बोली चालते, पण निकाहाच्या मंडपात वधूवरांच्या बापांना अचानक उर्दू आठवते. दोन्हीकडे घरची भाषा मागच्या दाराने बाहेर काढली जाते.

मराठीच्या कैवाऱ्यांची गोष्टही सरळ नाही. ज्या माधव जूलियनांनी मराठीत गझल रुजवली आणि १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करून आपल्या भाषेतले हे सारे वैभव एका ठिकाणी मांडले, तेच पुढे भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. यादी करणारा आणि यादीवर काट मारणारा हात एकच! शुद्धीच्या चळवळीने 'तारीख'ला 'दिनांक' हा पर्याय दिला आणि तो कचेरीच्या कागदावर टिकलाही. पण खरीप-रब्बीला काही हलवता आले नाही. कागदावरचा शब्द बदलता येतो, शेतातला सहसा बदलत नाही.

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळू. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपल्यात लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, हे कोणी नाकारणार नाही. तलाक, दंगल, संशयाने पाहणाऱ्या नजरा, बेकारी, मुलींचे शिक्षण हे विषय आपण मांडले आणि ते मांडणे भागच होते. तरीही एक गोष्ट राहून राहून जाणवते. आपल्या कथेत पाऊस क्वचितच पडतो. पात्र मोहल्ल्यात राहते, पण मोहल्ल्याच्या पलीकडे ओढा आहे, रान आहे, बाजाराचा दिवस आहे, याची खूण नसते. जणू मुसलमान माणसाला फक्त प्रश्न असतात, परिसर नसतो.

याचे कारण मला असे दिसते की आपण कोणासाठी लिहितो हे आपण न ठरवता दुसऱ्यांनी ठरवले. प्रस्थापित वाचकाला आपल्याकडून माहिती हवी असते आणि आपण ती पुरवत बसतो. 'वुजू' आला की कंसात अर्थ, 'इद्दत' आला की तळटीप. त्याच पानावर 'जमीन', 'हवा', 'दुनिया', 'हजर' हे शब्द बिनटीपेचे जातात. काही ठिकाणी टीप लागते हे मान्य आहे, शेजाऱ्याला खरोखरच आपले काही ठाऊक नसते. पण संवादात जेव्हा नवरा आपल्याच बायकोला मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज असे समजावून सांगू लागतो, तेव्हा त्या बाईनेच कादंबरी मिटून ठेवावी असे वाटते.

हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेविषयी आपल्यात टोकाचे मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. आजारपणामुळे बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक त्यांनी घेतला आणि त्याच्या डोळ्यांनी गाव पाहिले. तिथला मुसलमान हा एका गावचा रहिवासी आहे. त्याचे जमिनीशी, कुळांशी, शेजारच्या वाडीशी नाते आहे आणि म्हणूनच ते नाते तुटते तेव्हा ते आपल्याला लागते. नुसत्या 'प्रश्ना'ची कादंबरी असती तर ती इतकी वर्षे टिकली नसती.

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी, म्हणजे शाहीर अमर शेखांनी, आपल्या एका संग्रहाला 'धरतीमाता' हे नाव दिले. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव घुमलेल्या त्या आवाजाला मराठी अंगात मुरवून घ्यावी लागली नव्हती, ती होतीच. उलट बाजूने पाहा, अण्णा भाऊ साठ्यांच्या मांग नायकाचे नाव 'फकिरा'. ही कादंबरी १९५९ची. गावकुसाबाहेरच्या वस्तीत हे नाव कोणी उधार आणले नव्हते, ते तिथलेच होते.

दलित लेखकांनी वस्तीची भाषा पुस्तकात आणली तेव्हा त्यांनी टिपांची फार फिकीर केली नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) वाचकालाच शिकायला लावले आणि वाचक शिकला. आपण मात्र अजून प्रमाण मराठीच्या दारात चपला काढून उभे आहोत. निवेदन प्रमाण मराठीत असावे याला माझी हरकत नाही. प्रश्न संवादांचा आहे. सोलापूर-लातूरकडची मुसलमान बाई सुनेशी दख्खनीत बोलते, भाजीवालीशी मराठीत बोलते, आणि रागावली की दोन्ही एका वाक्यात आणते. हे वाक्य जसेच्या तसे उतरवणारा कथाकार मला हवा आहे. हे अवघड आहे. देवनागरीत दख्खनीचे उच्चार नेमके बसत नाहीत. शिवाय मुद्रितशोधक 'नक्को'तला जादा 'क' चूक समजून काढून टाकतात, आणि ती बाई तेवढ्याने दुसऱ्याच घरातली होऊन जाते.