‘समुपदेशन’ : संज्ञा आणि वचन

‘कौन्सेलिंग’ या व्यवसायास मराठीने ‘समुपदेशन’ ही संज्ञा दिली, तेव्हा त्याच्या नीतीविषयीचा एक वादही नकळत पदरात घेतला. शब्दाच्या गाभ्यात ‘उपदेश’ बसला आहे. आणि उपदेश न करणे हे तर या व्यवसायाचे पहिले पथ्य. फारसीच्या वाटेने आलेली ‘सल्लामसलत’ त्या मानाने प्रामाणिक होती. मसलतीस निदान दोन माणसे लागतात. पण विद्यापीठीय परिभाषेस संस्कृत वेषच मानवतो, हे जुने दुखणे आहे.

ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच या व्यवसायाच्या नीतीचा एक भाग मराठीत आचरून दाखविला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बचाव केला, तरी दंड झालाच. विचारणाऱ्यास पापी न ठरविता त्यास माहिती देणे, हा कर्व्यांचा विशेष. तथापि त्यांच्या सदरास समुपदेशनाचा आदर्श म्हणणे सयुक्तिक नव्हे. छापील उत्तरास तत्काळ उलट प्रश्न करता येत नाही, आणि पत्रात जे लिहिण्याचे धैर्य झाले नाही ते संपादकास ऐकू येत नाही.

ऐकण्याचा हा प्रश्न नायगावसारख्या ठिकाणी भाषेचाच होतो. वसईच्या खाडीलगतच्या या परिसरात कोळी, वाडवळी, कादोडी या बोली नांदतात. नव्या वस्त्यांतून हिंदी व गुजराती ऐकू येते. घरचाच माणूस दुभाषी म्हणून बसला की गुप्तता पहिल्याच वाक्यास संपते. परंतु याहून सूक्ष्म अडचण ‘गोपनीयता’ या शब्दात आहे. बोलणारा तो शब्द ‘पोटात ठेवणे’ या अर्थी घेतो, आणि पोटात ठेवण्यास अपवाद नसतो. वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या परिचयाचे धर्मगुरूचे पापनिवेदनाविषयीचे मौनही निरपवादच. कायद्याची गोपनीयता तशी नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या (2017) कलम 23 ने रुग्णास ती हक्क म्हणून दिली व त्यासच अपवाद जोडले. जीवितास धोका हा त्यांतील एक. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तर अठरा वर्षांखालील मुलावरील असा गुन्हा कळताच तो पोलिसांस कळविणे बंधनकारक केले.

म्हणजे एकाच शब्दाने दोघे दोन निरनिराळी वचने देत-घेत असतात. संमतिपत्रावरील सही हा भेद मिटवीत नाही; ‘विधिविहित अपवाद वगळून’ अशा शब्दसमूहाखाली सही करणाऱ्यास काय कळले, हे कोणी विचारीतही नाही. व्यवसायनीतीच्या चर्चेत संमतीचा विचार पुष्कळ होतो, तिच्या भाषेचा मात्र अल्प. वस्तुतः सांगावयाचे ते साध्या मराठीत सांगता येते : ‘तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळले, तर मला ते पोटात ठेवता येणार नाही.’ हे वाक्य पहिल्या भेटीत, बोलणे सुरू होण्यापूर्वी, ऐकणाऱ्याच्या बोलीत यावयास हवे. सर्व सांगून झाल्यावर ते आले, तर समोरच्या मुलीच्या दृष्टीने तो विश्वासघातच ठरतो. कायदा पाळला गेला, ही सबब तिच्या उपयोगाची नसते.