शर धनुष्याच्या कोणत्या अंगाला? वीरगळ व एकलव्यकथा यांच्या वाचनाविषयी

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर, पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) ह्या तीन जिल्ह्यांतील अनेक गावठाणे त्याच्या जलाशयाखाली गेली. पाणी फार ओसरले म्हणजे इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते तसे दिसू लागले होते. त्याच्या परिसरातील वीरगळ व अन्य शिल्पे पाहण्याची संधी अभ्यासकाला अशा थोड्या आठवड्यांतच मिळते. काठच्या गावांतून टिपणे व छायाचित्रे घेऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा दगडापाशी जाऊन शंका फेडून घेता येईलच असे नाही. ह्या परिस्थितीत पहिल्या वर्णनातच काय टिपले जाते ह्याला फार महत्त्व येते.

आपल्याकडील वीरगळांची वर्णने पाहिली तर त्यांचा एक साचा ठरून गेल्याचे दिसते. तळच्या चौकटीत युद्ध व वीराचे पतन, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, सूर्य आणि चंद्र. युद्धाच्या चौकटीत धनुष्य असेल तर ‘धनुर्धर वीर’ एवढ्या दोन शब्दांवर वर्णन संपते. बाण धनुष्याच्या कोणत्या अंगाला टेकला आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो क्षुल्लक आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु ती समजूत बरोबर नाही.

ह्या प्रश्नामागील यंत्र प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. डाव्या हाती धनुष्य धरणारा धनुर्धर दोरी दोन प्रमुख रीतींनी ओढू शकतो. पहिल्या रीतीत बोटांची आकडी करून दोरी ओढतात. बोटांच्या पिळामुळे धनुष्याच्या डाव्या अंगाचा बाण धनुष्याशी चिकटून राहतो. उजव्या अंगाला ठेवलेला बाण मात्र निसटू पाहतो. दुसऱ्या रीतीत दोरी अंगठ्यात अडकवून तो तर्जनीने दाबून धरतात. येथे पीळ उलट दिशेचा असल्याने बाण उजव्या अंगालाच ठेवावा लागतो. इंग्रजांचे लांब धनुष्य पहिल्या रीतीचे. मंगोल, तुर्क व जपानी धनुर्विद्या दुसऱ्या रीतीची. मोगल काळातील अंगठ्यात घालावयाची मौल्यवान कडी ह्याच दुसऱ्या रीतीची साक्ष देतात. तेव्हा बाणाची बाजू ही मुठीची खूण होय आणि मूठ ही परंपरेची.

आज क्रीडांगणावर साध्या वक्र धनुष्याने नेम धरणारा उजवखोरा खेळाडू बोटांनी दोरी ओढतो व बाण डाव्या अंगाला ठेवतो. ते दृश्य परिचयाचे झाल्यामुळे तीच सार्वकालिक रीत होय, असे गृहीत धरून अर्जुनाची वा एकलव्याची चित्रे काढली जातात. एकलव्यकथेचे वाचन ह्या गृहीतामुळे विशेष बिघडते, म्हणून तिचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

वि. सी. सुकथनकर यांनी संपादित केलेले आदिपर्व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली पूर्ण केले. त्यातही ही कथा आहे. एकलव्याने उजवा अंगठा दिल्यानंतर काय झाले हे कवी मोजक्या शब्दांत सांगतो: तो पुढे बोटांनी ओढू लागला, मात्र पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही. आपल्या व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकांतून ‘एकलव्याची विद्या संपली’ असे जे सांगितले जाते, ते मूळ कथेत नाही. तेथे विद्या टिकते; शीघ्रता जाते.

हा भेद आकस्मिक नाही. कथेच्या आरंभी भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण जणू एकाच वेळी मारून एकलव्य पांडवांना थक्क करतो, आणि तेथे कवी त्याच्या हस्तलाघवावरच भर देतो. आरंभी जे लाघव दाखविले तेच अखेरीस हिरावले जाते. धनुष्याच्या अंगाचा विचार केला तर त्यामागील कारणही उलगडते. उजव्या हाताने काढलेला बाण उजव्या अंगाला सरळ लागतो. डाव्या अंगाला लावताना तो धनुष्याला वळसा घालून न्यावा लागतो. अंगठा गमावलेल्या धनुर्धराला मूठ बदलावी लागली, आणि मुठीबरोबर बहुधा बाणाची बाजूही. केवळ नव्या मुठीची सवय नसणे हेही मंदत्वाचे कारण असू शकेल, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो मान्य करावा लागेल. कथेत बाजूचा उल्लेख नाही आणि वरील निष्कर्ष अनुमानाचाच आहे. परंतु एवढे निश्चित की द्रोणाने मागितलेली दक्षिणा नेमकी होती. त्याने नेम मागितला नाही, बळ मागितले नाही. ज्या एका गुणाने निषादपुत्र अर्जुनाच्या पुढे जात होता तो गुण मागितला. ह्या कथेतील क्रौर्य जाणकाराचे आहे. ‘विद्या संपली’ असे म्हणणारा वाचक ते क्रौर्य बोथट करून टाकतो.

ह्यावरून प्राचीन भारतात सर्वत्र अंगठ्याचीच रीत होती, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. १३६३ च्या सुमारास संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेदात पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी व काकतुंडी अशा पाच मुठी सांगितल्या आहेत. काव्यांत येणारा ‘अंगुलित्राण’ हा शब्दही बोट की अंगठा ह्याचा निर्णय करीत नाही. रीती अनेक होत्या, म्हणूनच प्रत्येक दगडाची साक्ष स्वतंत्रपणे घेतली पाहिजे.

ती घेताना एक पथ्य पाळावे. छाती आपल्याकडे असलेल्या धनुर्धराच्या शिल्पात बाण धनुष्यावरून पुढे आलेला असेल तर ती अंगठ्याच्या रीतीची बाजू. धनुष्यामागे झाकलेला असेल तर बोटांच्या रीतीची. आकृती पाठमोरी असेल तर हा नियम उलटतो. परंतु अखंड बाण धनुष्यावरून कोरणे शिल्पकाराला सोयीचे असते. म्हणून पुढे आलेला बाण हा दुबळा पुरावा होय. सोय सोडून मागे नेलेला बाण अधिक विश्वसनीय. समोरासमोरचे दोन योद्धे आरशातील प्रतिबिंबासारखे कोरले असतील, तर त्यांपैकी एक केवळ मांडणीसाठी डावखोरा झालेला असतो, हेही विसरू नये.

तेव्हा वर्णनकाराने चार गोष्टी नोंदवाव्यात: आकृती छातीकडून दिसते की पाठीकडून, धनुष्य कोणत्या हाती आहे, बाण धनुष्याच्या पुढून जातो की मागून, आणि दोरीवर अंगठा आहे की बोटे. झीज झाली असेल तर तेही लिहावे. बाणाची उथळ रेषा पाण्यात व गाळात राहिलेल्या दगडावर आधी पुसट होणार. आणि पुढचा उन्हाळा ती रेषा दाखवीलच, असा भरवसा जलाशय देत नाही.