जोडकामाची समीक्षा

समीक्षा फक्त साहित्याची करायची असते असा आपल्याकडे एक समज आहे. मी पडलो बी. कॉम. मला कादंबरीतलं कळत नाही असं कादंबऱ्या वाचणारे म्हणतात, आणि हिशेबातलं कळत नाही असं आमचे मॅनेजर म्हणतात. ही दोन क्षेत्रं सोडली तर बाकी सगळीकडे मी समीक्षेला मोकळा आहे. आज घेतलंय ते इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रकरण : सुट्या रेषा जोडणे.

बँकेतल्या कारकुनाला हा उद्योग सांगितला कोणी, असं तुम्ही विचाराल. आईने. गावच्या घराला नवी पाटी हवी होती. आम्ही दोघे भाऊ. सहा वर्षांपूर्वी आमच्या चुली वेगळ्या झाल्या आणि तेव्हापासून बोलणं घरपट्टीच्या पावतीपुरतं उरलं. "पाटी एकच लागेल आणि तिच्यावर नुसतं आडनाव असेल," आईने बजावलं. दादाने निरोप पाठवला, "त्यालाच करू दे. दिवसभर काँप्युटरसमोरच तर बसलेला असतो." कारकून काँप्युटरसमोर बसून काय करतो याविषयी लोकांच्या फार उदार कल्पना असतात.

तर, या सॉफ्टवेअरात चित्र म्हणजे रंगाचे ठिपके नसतात. काही बिंदू असतात आणि त्यांच्यामधून जाणारी वळणं असतात. या वळणांना पिएर बेझिए यांचं नाव आहे. ते रेनो मोटार कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्याही आधी, १९५९ साली, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी हेच गणित मांडलं होतं, पण त्यांच्या कंपनीने ते गुपित म्हणून झाकून ठेवलं. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे वाचल्यावर मला एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं.

आमचं आडनाव चार अक्षरी. टाइप केलं, अक्षरांच्या रेषा करून घेतल्या. वर शिरोरेषा कशी अखंड! पण ती अखंड नसते, हे देवनागरीचं गुपित मला चाळिशीनंतर कळलं. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला चिकटून उभं राहतं. लांबून बघणाऱ्याला एकत्र कुटुंब वाटतं.

मी चारही अक्षरं निवडून 'ग्रुप' केली. एक हलवलं की चारही हलत होती. आणखी काय हवं? फाइल लेझरवर प्लायवूड कापणाऱ्या दुकानात दिली. संध्याकाळी त्या पोराने माझ्या हातावर चार सुटी अक्षरं ठेवली. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. प्रत्येक अक्षराची हद्द बघून कापली होती. मी फोटो पाठवला. दादाचं उत्तर आलं, "आडनावाच्याही वाटण्या केल्यास?"

ग्रुप म्हणजे मोळी. दोरी बांधली म्हणून लाकडं काही जुळत नाहीत.

मग 'कंबाइन' केलं. हे आपल्या जॉइंट अकाउंटसारखं. कागदोपत्री वस्तू एक, पण आत प्रत्येकाची रेषा शाबूत. त्यातून जिथे दोघांचे तुकडे एकमेकांवर येतात, तो भाग बरेचदा पोकळ पडतो. दोघांचा हक्क असलेली जागा कोणाचीच राहत नाही! माझी शिरोरेषा उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली.

शेवटी पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, युनियन करा." युनियन म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना संप आठवतो. पण इथलं युनियन म्हणजे विलीनीकरण. मधल्या हद्दी पुसल्या जातात, बाहेरची तेवढी उरते. शिरोरेषा खरोखरच एक झाली. मात्र फाइल जपून बंद केलीत की परतीची वाट नाही. कंबाइन केलेलं 'ब्रेक अपार्ट'ने सुटं होतं. युनियन केलेल्यावर तोच हुकूम चालवला तर अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या तेवढ्या बाहेर येतात, अक्षरं नाहीत. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्यातल्या एखाद्या जुन्या शाखेत जाऊन कोणी आता 'ब्रेक अपार्ट' म्हणून बघावं.

उरली महिरप. निम्मी काढली, आरशातल्यासारखी उलटवली, शेजारी ठेवली. वर टोकाला टोक लागलं, आत रंगही भरला. तरी दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, वर उघडं आहे." मी पडद्यावर मोठं, आणखी मोठं करून पाहिलं. केसाएवढी फट! आणि रंग? इंकस्केप उघड्या आकारातही निमूटपणे रंग भरतं. समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप हाच. दुसरा असा की जोडण्याचे हे हुकूम एका जागी नाहीत. ग्रुप एका मेनूत, कंबाइन आणि युनियन दुसऱ्यात, आणि टोकं सांधणारा 'जॉइन' तिसरीकडे, बिंदू हलवायच्या हत्याराच्या पट्टीत. आमच्याकडे एका सहीसाठी तीन टेबलं फिरवतात, तसंच.

पण न्यायाने बोलायचं तर या चार गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला कळतं. आपण मात्र मोळी बांधून "जुळलं हो" म्हणत घरी जातो. त्याला हे का कळावं, याचंही कारण सापडलं. २००३ साली सोडिपोडी नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे चौघे वेगळे झाले आणि त्यातून इंकस्केप निघालं. म्हणजे त्याचीही चूल वेगळी झालेलीच!

आता सर्वांत चांगलं तेवढं सांगतो. महिरपीचे दोन भाग कंबाइन करून दोन्ही टोकांचे बिंदू निवडले आणि 'जॉइन' म्हटलं, की दोन्ही टोकं निम्मं निम्मं अंतर चालून मध्यावर भेटतात. माउस मात्र कुठल्याही टोकावर नसावा. एका टोकावर तो रोखून बसलात तर ते टोक जागचं हलत नाही. सगळं चालणं दुसऱ्याला पडतं.

मी माउसवरचा हात काढला. बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग दादाला फोन लावला.

"पाटी झाली," मी म्हणालो.

"मीच फोन करणार होतो," दादा म्हणाला. "लावायला केव्हा येतोस? स्टूल मी धरतो."

पाटी लागली. तिच्यावरची शिरोरेषा अखंड आहे. खर्च निम्मा निम्मा ठरला होता. दादाने अजून दिलेला नाही. पण त्याविषयी आता आम्ही रोज फोनवर बोलतो.