गंज नेमका कुठे चढतो?

नांदगावातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आला होता. टेबलावर दोन रणगाडे शेजारी शेजारी मांडलेले होते. एक चकचकीत हिरवा. बटण दाबले की त्याचा दिवा लागे आणि टरेट, म्हणजे तोफेसह वरचा फिरता भाग, गरकन फिरे. दुसरा पुठ्ठ्याचा, धुळकट, कडांना तांबूस. बक्षीस पहिल्याला दिले. दुसऱ्याच्या कर्त्याला मी एवढेच विचारले, "अरे, रंग नीट का नाही दिलास?" तो म्हणाला, "सर, चाललेला रणगाडा असाच दिसतो." मी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

तो निकाल चुकला होता असे मला आता वाटते. का चुकला, ते या लेखात तपासायचे आहे. कारण आपणही दरवर्षी अशा टेबलांपुढे उभे राहता.

प्रमाण पाळले आहे का?

प्रतिकृतीची पहिली कसोटी प्रमाण. रणगाड्यांच्या प्लॅस्टिक किटमध्ये १:३५ हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्यामागे गणिती सोय नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पँथर' या जर्मन रणगाड्याचे किट काढले. त्यात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत या हिशेबाने आकार ठरला आणि तो १:३५ च्या आसपास निघाला. पुढे तेच प्रमाण झाले.

आपला विजयंता घ्या. हा रणगाडा चेन्नईजवळच्या आवडी येथे १९६५ पासून तयार होऊ लागला. तोफेसह लांबी सुमारे ९.८ मीटर, वजन सुमारे ३९ टन. १:३५ प्रमाणात लांबी २८ सेंटीमीटर होईल. वजन मात्र ३५ ने भागून चालणार नाही. लांबी, रुंदी व उंची तिन्ही ३५ पटींनी घटतात, म्हणून घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. सगळे पोलादाचेच केले तरी प्रतिकृती सुमारे ९१० ग्रॅमची होईल. पट्ट्यांचे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ १,२२५ पटींनी घटते. म्हणजे जमिनीवरचा दाब मूळच्या पस्तिसाव्या भागाइतकाच राहतो. खरा रणगाडा ओल्या काळ्या मातीत रुततो, प्रतिकृती रुतत नाही. तिचे रुतणे कर्त्याला हाताने दाखवावे लागते.

साखळीपट्ट्याच्या झोळाची गोष्ट याहून मजेची आहे. किटमधला पट्टा चाकांवर ताठ उभा राहतो. "तो हलका आहे म्हणून" असे मुले सांगतात, आपणही मान डोलावतो. पण दोन टोकांना टांगलेल्या लवचीक साखळीचा आकार तिच्या वजनावर अवलंबून नसतो. सोन्याची साखळी आणि लोखंडाची साखळी सारख्याच ढिलाईने टांगली तर झोळ सारखाच पडतो. किटमधला पट्टा एकसंध रबरी असतो, तो सांध्यांत वाकत नाही. दोष ताठपणाचा आहे. सुट्या कड्यांचा पट्टा ओवला की झोळ आपोआप येतो.

ऊन, पाऊस आणि वापर

दुसरी कसोटी खुणांची. प्रतिकृतीवर धूळ, चिखल, गंज, उडालेला रंग दाखवण्याला छंदवाले वेदरिंग म्हणतात. यात नुसते रंगकाम नाही, रसायन आणि पदार्थविज्ञान दोन्ही आहे.

गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. रंगाचा थर शाबूत आहे तोवर पोलाद झाकलेले असते. रंग कुठे उडतो? जिथे बूट घासतात, झाकणे आपटतात, अवजारे ठेवली-उचलली जातात तिथे. धूर सोडणाऱ्या नळकांड्यावर उष्णतेने रंग जळतो, म्हणून ते लवकर तांबडे होते. चाकांच्या रबरी कडेवर मात्र गंज असूच शकत नाही. अमेरिकी एम-११३ या चिलखती गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. त्याच्या पत्र्यावर तांबडा गंज रंगवला तर ती रसायनाची चूक होते.

हे पाहायला रणगाडाच हवा असे नाही. नांदगाव स्टेशनात उभे राहून रूळ पाहा. वरचा माथा आरशासारखा, बाजू तांबूस. चाक रोज घासते तिथे गंज टिकत नाही. साखळीपट्ट्याचेही तसेच: जमिनीला लागणारे उंचवटे उजळ, खोलगट भाग तपकिरी. बैलगाडीची धाव, नांगराचा फाळ आणि ट्रॅक्टरचा सायलेन्सर हेच धडे देतात.

धुळीचाही हिशेब आहे. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १:३५ वर साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो. म्हणून माती वस्त्रगाळ हवी. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर भरला तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटरचा लेप ठरेल. म्हणून रंग पातळ हवा, थर कमी हवेत.

आता त्या दुसऱ्या रणगाड्याकडे पाहू. त्याच्यातही दोष होते. गंज सगळ्या कडांवर सारखाच फिरवला होता आणि पायाशी चिकटवलेली वाळू भरड होती. पण त्याच्या कर्त्याने एक प्रश्न स्वतःला विचारला होता: वापरलेली वस्तू कशी दिसते? चकचकीत रणगाड्याने तो विचारलाच नव्हता. त्याचा दिवा आणि मोटर कोणत्याही खेळण्यात बसवता आली असती. रणगाड्याबद्दल त्यातून काहीच कळत नव्हते.

नमुना कुठला घ्यावा?

मनमाडहून रेल्वेने गाठता येणाऱ्या अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ साली उघडले. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता तिथे जवळून पाहता येतात. सहल जरूर न्यावी, पण एक गोष्ट मुलांना आधी सांगावी. संग्रहालयातला रणगाडा उभा असतो, वेळोवेळी रंगवला जातो. आकार आणि मापे यांसाठी तो उत्तम पुरावा आहे, वापराच्या खुणांसाठी नाही. कोणता पुरावा कशासाठी चालतो, हे कळणे विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.

आणखी एक. प्रतिकृतीवर गोळ्याचे भोक पाडणे मुलांना फार आवडते. सेंच्युरियनमध्ये चार माणसे बसत. पुण्यात शिकलेले, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर अशाच रणगाड्यातून लढले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. भोक दाखवायचे तर त्या पत्र्यामागे कोण बसले होते, हे मुलाला ठाऊक असावे. सजावट म्हणून ते पाडू नये.

म्हणून परीक्षकांना सुचवावेसे वाटते की गुण देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे माप कुठून घेतलेस? ही खूण इथेच का? आणि काय तुला दाखवता आले नाही? तिसऱ्या प्रश्नाला जो प्रामाणिक उत्तर देईल, त्याला बक्षीस द्यावे.

त्या मुलाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न विचारता दिले होते. गुण देणाऱ्याला ते ऐकू आले नाही, एवढेच.